पत्र्याखालचं कार्ड

गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर बनवून घ्यायला आलेला माणूस माझ्या दुकानात बसायच्या आधीच विचारतो, "सर, कार्ड कोणतं टाकू?" मी त्याला उलट विचारतो, "घर कितव्या मजल्यावर आहे? वर स्लॅब की पत्रा? खेळता किती वाजता?" बऱ्याच जणांना कळत नाही की हा माणूस कॉम्प्युटर विकतोय की जागा दाखवतोय. घाटकोपरचा एक मुलगा तर म्हणाला, "सर, मी फ्लॅट बघायला नाही आलोय." मी हसलो, पण प्रश्न सोडला नाही.

हे प्रश्न मी कुठल्या कोर्समध्ये शिकलेलो नाही. भांडुपच्या डोंगरावर राहणाऱ्या एका मुलीमुळे शिकलो, आणि शिकताना तिचं वर्षभराचं कष्टाचं काम माझ्या हातून जवळजवळ मातीत गेलं होतं. तेच इथे सांगायचं आहे. पण आधी आमचा धंदा थोडक्यात सांगतो, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळायचं नाही.

मी मूळचा रिसोडचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला आणि बी.एस्सी. झालेला तर अख्ख्या गल्लीत पहिला. वसतिगृहाने जेवू घातलं, शिष्यवृत्तीने फी भरली आणि भौतिकशास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेची किल्ली सुट्टीतही माझ्याकडे ठेवली. या तिघांचं देणं फिटणारं नाही. त्या पदवीच्या जोरावर मुंबईला आलो, काही वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात स्क्रू फिरवले आणि नंतर भांडुप पश्चिमेला स्वतःचं दुकान टाकलं. बोर्डावर माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं आहे. शेजारचा मोबाइलवाला चिडवतो, "काय इंगळे, कन्सल्टिंगचा टाइम काय तुझा? अपॉइंटमेंट लागते का?" चिडवू दे. ती तीन अक्षरं मी पुसणार नाही.

आता कार्डाबद्दल. गेम चालतो म्हणजे पडद्यावर एका सेकंदात साठ, शंभर, कधी दोनशे चित्रं एकामागोमाग काढली जातात. ही चित्रं आधी काढून ठेवता येत नाहीत, कारण खेळणाऱ्याने मान जरा वळवली की सगळं दृश्य बदलतं. लग्नघरचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर हा मुख्य आचारी. काय करायचं, कधी करायचं, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोळ्या लाटायला बसलेल्या शंभर बायका. एकेकीचं काम सोपं, पण सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे कोठीची खोली, मॉनिटर म्हणजे वाढपी आणि आतला वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे गॅसचा सिलिंडर.

लोक करतात काय, तर बायका शंभर बसवतात आणि कणीक मळून द्यायला एकच थकलेला आचारी ठेवतात. बायका बसून राहतात. किंवा पोळ्या भराभर लाटल्या जातात, पण वाढपी जुना, मिनिटाला साठच नेणारा. मग उरलेल्या पोळ्यांचं करायचं काय? महागडं कार्ड घेऊन ते घरातल्या बारा वर्षांच्या मॉनिटरला जोडणारे आणि "काही फरक दिसत नाही हो" म्हणणारे लोक मी खूप पाहिले आहेत. आणि सिलिंडरवर तर सगळेच पैसे वाचवतात. तो भर पंगतीत संपतो.

विलेपार्ल्याचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या इमारतीवरून दिवसभर विमानं जायची. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ती खालून बघितली आणि निवृत्त झाल्यावर विमान चालवण्याचा गेम घेतला. मी त्यांना चांगलं कार्ड बसवून दिलं होतं. एके दिवशी फोन आला. "इंगळे, तुमच्या कार्डाने आमचा विश्वासघात केलेला आहे. विमान धावपट्टीवर हप्त्याहप्त्याने उतरतं."

मी गेलो. दार उघडणाऱ्या काकू म्हणाल्या, "या. सात महिने हे रोज एक विमान पाडतायत." मी टेबलामागे वाकून पाहिलं. मॉनिटरची केबल कार्डाला न जोडता वरच्या दुसऱ्या खाचेत, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत लावलेली होती. झाडताना कधीतरी निघाली असेल आणि त्यांनी दिसली त्या खाचेत घातली असेल. सात महिने कार्ड आतमध्ये नुसतं बसून होतं. मी केबल वीतभर खाली सरकवली. काकांनी एक विमान अलगद उतरवलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "म्हणजे इतके दिवस मी विनाइंजिन उडत होतो?"

"आणि शिव्या विमानतळाला घालत होतात," काकू आतून म्हणाल्या.

असे प्रसंग मी मित्रांना रंगवून सांगायचो. पण असे पंचवीस-तीस प्रसंग झाले की आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड लागते. दोष गिऱ्हाइकाचाच आहे, हे तो आधीच धरून चालतो. मलाही ती लागली होती. त्यात आमची आणखी एक पद्धत. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आम्ही सांगतो, "फक्त डबा घेऊन या." डबा म्हणजे कॅबिनेट. मॉनिटर, कीबोर्ड, केबल, वीज सगळं आमच्याकडचं. डबा टेबलावर ठेवायचा, दोन तास चालवायचा, आकडे बघायचे. आकडे बरोबर आले की विषय संपला. मुंबईत घराघरांत जाऊन तपासायला वेळ कोणाला आहे?

तन्वी परब माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाच जणांचा संघ विरुद्ध पाच जणांचा संघ असा नेमबाजीचा एक गेम ती खेळायची, आणि फार चांगला खेळायची. तिने कागदावर सगळं लिहून आणलं होतं. प्रोसेसर, कार्ड, रॅमच्याही एका पट्टीऐवजी दोन, म्हणजे काम वेगाने होतं. मला कौतुक वाटलं. फक्त एका ठिकाणी मी तिचं ऐकलं नाही.

"सर, दिवे नकोत. पुढे जाळी असलेला साधा कॅबिनेट द्या."

"अगं, हा काचेचा बघ ना," मी म्हणालो. "त्याच किमतीत पुढे काच, आत रंगीत दिवे. मैत्रिणी आल्या तर बघत बसतील."

"मैत्रिणी नाही येत हो बघायला."

तरी मी तिला काचेचाच दिला. खरं कारण आज लिहून टाकतो. त्या कॅबिनेटचे दहा नग माझ्याकडे पडून होते.

दीड वर्षाने, एप्रिलमध्ये, ती डबा घेऊन आली. "सर, मध्येच अडकतं. चाललेलं असतं आणि एकदम झटके देतं. समोरचा माणूस इथे दिसतो आणि दुसऱ्या क्षणी तिकडे." मी नेहमीप्रमाणे डबा टेबलावर ठेवला, दोन तास चालवला. एकदाही अडकलं नाही. पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा सोबत वडील होते.

परब मूळचे सावंतवाडीकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. हे स्वतः लिफ्ट दुरुस्त करतात, मुलुंडच्या दोन-तीन टॉवरांचं काम त्यांच्याकडे आहे. शांत माणूस. त्यांनी मला सगळं सरळ सांगितलं. गोरेगावला पगार देऊन खेळाडू ठेवणारा एक संघ आहे. त्यांना एक जागा भरायची आहे. तीन फेऱ्यांची निवडचाचणी, त्यातली पहिली तन्वीने जिंकली आहे. "मी हिला एक वर्ष दिलंय, साहेब. यात झालं तर झालं. नाही झालं तर मशीन विकायचं आणि मामाच्या ऑफिसात कामाला लागायचं. हिला पण मान्य आहे. पण आता ही म्हणते मशीन अडकतं."

"सर, कार्ड अठ्ठ्याऐंशी डिग्रीपर्यंत जातं," तन्वी म्हणाली.

"कार्डाला चालतं तेवढं," मी म्हणालो.

"म्हणजे मशीन ठीक?" परबांनी विचारलं.

"शंभर टक्के. बघा ना, तीन वेळा तपासलं."

"मग अडकतं कशाने?"

यावर मी जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवतं. मी हसत म्हणालो, "कसं असतं परब, कधीकधी हाताचा दोष माणूस मशीनवर ढकलतो."

तन्वीने माझ्याकडे एकदा पाहिलं, डबा उचलला आणि ती बाहेर पडली.

दहा-बारा दिवसांनी, मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी, परब एकटेच आले. खांद्यावर डबा. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे कोणाला तरी विकून टाका."

"का हो? चाचणी?"

"दुसरी फेरी कशीबशी निघाली. दोनदा अडकलं म्हणे. मी बोललो तिला. म्हटलं, खोटं सांगू नको, इंगळे साहेबांनी तोंडावर सांगितलंय मशीन ठीक आहे. शेवटची फेरी परवा आहे, रविवारी तीन वाजता. ती म्हणते, अशाच मशीनवर खेळून हसं करून घेण्यापेक्षा विकून टाका." मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "ही दिलीय तिने. म्हणाली, सरांना दाखवा आणि मगच विका."

दोनशे पानी वही होती. तिच्यात तन्वीने तीन आठवडे रोजचं लिहून ठेवलं होतं. तारीख, खेळायला बसल्याची वेळ, किती मिनिटांनी अडकलं, तेव्हा कार्डाचं तापमान किती. दुपारी अडीच, बावीस मिनिटं. दुपारी साडेतीन, एकोणीस मिनिटं. रात्री दहा, अडकलं नाही. सकाळी सात, अडकलं नाही. एका दुपारपुढे लिहिलं होतं, "आज ढग होते. एकदाही नाही."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. प्रयोगवहीत निरीक्षणं कशी मांडायची हे मला माझ्या सरांनी शिकवलं होतं, आणि इथे एका कॉमर्सच्या मुलीने ती माझ्याहून नेटकी मांडली होती.

"परब, घरी हा डबा ठेवता कुठे?"

"माळ्यावर. तिथेच तिचं सगळं. झोपणं, अभ्यास. गेल्या उन्हाळ्यात फक्त रात्री खेळायची, यंदा दुपारीपण बसते."

"आणि वर?"

"वर काय असणार? पत्रा." परबांनी डब्याच्या काचेवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "आमचं लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत असतं. मे महिन्यात दुपारी हमखास बंद पडतं. तापतं हो. आम्ही दरवाजा सताड उघडा ठेवतो, पंखा लावतो, मग चालतं."

दोघांचीही नजर एकाच वेळी माझ्या दुकानाच्या भिंतीवर गेली. तिथे एसी चालू होता. त्यावर बावीस आकडा दिसत होता.

दुकानातल्या थंड हवेत मी तीन वेळा तपासलं होतं. कार्ड असो वा प्रोसेसर, हद्दीबाहेर तापलं की जळू नये म्हणून ते स्वतःच आपला वेग कमी करतं. पोळ्या लाटणाऱ्या शंभर बायका एकदम हात आखडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतात. तेच ते झटके. पुढे काच असल्यामुळे आत हवा धड जात नव्हती. आणि आत जात होती ती हवाच तव्यावरची. मी स्वतः पत्र्याखाली वाढलो. रिसोडच्या उन्हाळ्यात ओला पंचा डोक्याला गुंडाळून बारावीचा अभ्यास केला. तरीही "घरी छत कसलं आहे" हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"परब," मी म्हणालो, "दोष तिच्या हातात नव्हता. माझ्या तपासण्यात होता. आणि हा काचेचा डबाही मीच तिच्या गळ्यात मारला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही शिकलेले, साहेब. म्हणून मी पोरीपेक्षा तुमचं खरं मानलं."

शनिवारी दुपारी दोनला मी हत्यारांची पिशवी आणि डबा घेऊन डोंगर चढलो. दुपारीच जायचं होतं, नाहीतर जाण्याला अर्थ नव्हता. खालच्या खोलीत तन्वीची आई ऑर्डरचे जेवणाचे डबे भरत होती. मला बघून म्हणाली, "या. हाताचा दोष सांगणारे ते तुम्हीच काय?"

"मीच," मी म्हणालो.

"पाणी प्या. वर शिडीने जा. डोकं सांभाळा, पत्रा लागला तर भाजेल."

माळ्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं. तन्वी गादीवर मांडी घालून बसली होती. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे सर. आता काय करता येईल ते सांगा." मी तापमापक काढला. त्रेचाळीस.

चाचणी दुकानात का नाही घ्यायची, असं वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आलं. पण संघाचा नियम होता की स्वतःच्या मशीनवर आणि नोंदवलेल्या घरच्या इंटरनेटवरूनच खेळायचं. खालच्या खोलीत गॅसच्या दोन शेगड्या, तिथे तर आणखी उकाडा. म्हणजे जे करायचं ते याच पत्र्याखाली.

मी डब्याची पुढची काच काढली. बाजूची काढली. रंगीत दिव्यांची वायर काढली. पंखे साफ केले, एक उलटा बसवला होता (मीच), तो सरळ केला. मग कार्डाला मिळणारी वीज थोडी कमी केली. यात एक गंमत आहे, जी धंद्याबाहेरच्या लोकांना खरी वाटत नाही. वीज थोडी कमी केली की वेग जेमतेम घटतो, पण उष्णता पुष्कळ उतरते. कार्ड बनवणारे जाहिरातीत मोठा आकडा दाखवण्यासाठी शेवटची वीज ओततात, आणि त्या शेवटच्या विजेतून काम कमी आणि उकाडाच जास्त निघतो.

शेवटी मी सेकंदाला एकशे वीस चित्रांची मर्यादा घातली. इथे तन्वी अडली.

"दोनशेवरून एकशे वीस? सर, समोरचे सगळे दोनशेवर खेळणार!"

"त्यांचे दोनशे दोनशेच राहतात. तुझे दोनशेचे एकदम पन्नास होतात आणि परत दोनशे. तुझ्या बोटांना धरायला काही उरतच नाही. एकशे वीस घे, पण सगळे सारखे. पायऱ्या बुटक्या असल्या तरी चालतात गं, सारख्या असल्या की माणूस पळू शकतो."

"बरं. बघू."

ती खेळायला बसली. बाविसावं मिनिट गेलं. तिसावं गेलं. तिचे खांदे सैल झालेले दिसत होते. पंचावन्नाव्या मिनिटाला पडद्याने झटका दिला. तिने हेडफोन काढले. "चाचणी दोन तासांची आहे, सर."

माझं डोकं तिथे संपलं होतं. मी शिडीवरून खाली बघत परबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "गोणपाट."

"काय?"

"गोणपाट टाकतो वर, आणि भिजवत राहतो. आमच्या गावात पडवीवर करायचे. दोन तासच ना?"

"आणि पाणी हो?" तन्वीची आई म्हणाली. "सकाळी पाऊण तास येतं. ड्रम भरलेला असतो तो माझ्या डब्यांसाठी."

परब म्हणाले, "एक दिवस डबे नको करूस गो."

तिने शेगडीकडे पाहिलं, मग वर शिडीकडे. "आठ जणांना फोन करावा लागेल," ती म्हणाली आणि फोन शोधायला लागली.

रविवारी अडीच वाजता परब पत्र्यावर होते. खिळ्यांच्या रांगेवर, जिथे खाली लाकडाचा आधार असतो तिथेच पाय ठेवत त्यांनी सहा गोणपाटं अंथरली आणि पहिली बादली ओतली. पत्रा चर्र वाजला. पाचच मिनिटांत आम्हाला नवी अडचण कळली. खिळ्यांच्या भोकांतून पाणी खाली ठिबकत होतं, आणि बरोबर खाली काचा काढलेला उघडा डबा. तो सरकवायला जागा नव्हती. मी खालून परात मागवली आणि डब्यावर धरून, मान वाकवून उभा राहिलो. पुढचे दोन तास बी.एस्सी.ने एवढंच काम केलं.

तीन वाजता सुरू झालं. तन्वीच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे समोरच्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, फक्त हिचं येत होतं. "डावीकडे दोन. एक जखमी. मी जाते, तू थांब. थांब रे! हां, आता." एवढं मोठ्याने आणि एवढं ठामपणे बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. वरून बादली ओतली जाई आणि दोन मिनिटांनी आकडा एकाने उतरे. एकशे वीसचा आकडा मात्र खिळल्यासारखा होता.

पंचावन्न मिनिटं झाली तेव्हा मी आकड्यावरून नजर हलवली नाही. काही झालं नाही. सव्वा तासाच्या सुमाराला तिच्या संघातले चौघे बाद झाले आणि ही एकटी दोघांपुढे उरली. एकाला पाडलं. दुसऱ्याकडे वळली आणि चुकली. मी पटकन आकडा पाहिला. एकशे वीस. तन्वी माइकमध्ये म्हणाली, "सॉरी, माझी चूक. लवकर वळले. पुढच्या वेळी दाराशी थांबते." पुढच्या वेळी ती खरोखरच दाराशी थांबली, आणि दोघंही तिच्यासमोर आयते आले.

अर्धा तास उरला असताना खालून तिच्या आईचा आवाज आला, "अहो, ड्रम संपला!"

वरून परब म्हणाले, "मग?"

आकडा ब्याऐंशीवर गेला, मग चौऱ्याऐंशीवर. मला परात सोडून हलता येत नव्हतं. खाली भांड्यांचा आवाज झाला.

"पिण्याच्या दोन कळश्या आहेत," तिची आई म्हणाली. "धरा. आणि सगळी एकदम ओतू नका, तांब्याने शिंपडा."

परब तांब्यातांब्याने शिंपडत राहिले. आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला, तिथेच घुटमळला, पण पुढे गेला नाही. शेवटची दहा मिनिटं मी पडद्याकडे पाहिलंच नाही, नुसता त्या मुलीचा आवाज ऐकत राहिलो. मग खेळ संपला आणि ती कान देऊन संघाच्या माणसाचं ऐकू लागली. "हो," म्हणाली. "हो, चालेल. हो. थँक यू." तिने हेडफोन काढून गादीवर ठेवले आणि मशीन बंद केलं.

पत्र्यावर तीनदा थाप पडली. "गो तन्वी! संपला काय?"

"बाबा, एकदाही नाही अडकलं!" ती वर तोंड करून ओरडली.

"ता समजला गो. घेतल्यानी काय?"

"सोमवारपासून बोलावलंय. गोरेगावला."

मग तांब्या कळशीत बुडाल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पाणी पडल्याचा. गोणपाटावर पडल्याचा नव्हे, अंगावर पडल्याचा. एकदा, दोनदा, तीनदा.

"अहो, उरलेलं पिण्याचं आहे ते!" तिची आई खालून ओरडली.

परब म्हणाले, "माका ठाऊक आसा," आणि चौथा तांब्या ओतला. परातीत वरून टपटप पाणी येऊ लागलं. मी ती धरूनच उभा होतो.